बेट बुडते आहे. पण जायचे कुठे, हे कोण ठरवणार?

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर साडेतीनशेहून अधिक लहानमोठी बेटे विखुरली आहेत. त्यांतल्या पन्नासेक बेटांवर गुना आदिवासींची वस्ती आहे. गार्दी सुगदुब हे त्यांतलेच एक. लांबी जेमतेम चारशे मीटर, रुंदी दीडशे, आणि एवढ्याशा जागेत 2024 पर्यंत हजारावर माणसे राहत. घराला घर चिकटलेले. मुलांना खेळायला अंगण नव्हते आणि शौचालयेही समुद्रावरच बांधलेली. वर्षअखेरीस वारे जोर धरू लागले, की पाणी थेट घरात शिरायचे.

जून 2024 मध्ये या बेटावरची सुमारे 300 कुटुंबे समोरच्या मुख्य भूमीवर, इसबेर याला या नव्या गावात राहायला गेली. सरकारने त्यासाठी सुमारे सव्वा कोटी डॉलर खर्च केले. जगभरच्या बातम्यांनी त्यांना ‘हवामान निर्वासित’ म्हटले. हे अर्धेच खरे. समुद्र चढतो आहे आणि शतकाच्या मध्यापर्यंत यांतली बरीच बेटे राहण्याजोगी उरणार नाहीत, असे शास्त्रज्ञ सांगतात. पण गावकऱ्यांनी 2010 च्या सुमारास जायचे ठरवले, त्यामागे वाढत्या गर्दीचे कारणही तितकेच मोठे होते. जागा वाढवण्यासाठी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोवतालचे प्रवाळ तोडून भराव घातला होता. लाटा थोपवणारी भिंतच त्यामुळे खचली. हे गुना लोक स्वतःही नाकारत नाहीत.

जायला जमीन होती, ही त्यांच्या बाजूची मोठी गोष्ट. 1925 मध्ये गुनांनी पनामा सरकारविरुद्ध बंड केले. त्यातून पुढे गुनायाला हा स्वायत्त प्रदेश उभा राहिला. त्यात बेटांसमोरचे किनाऱ्यालगतचे जंगलही आले. त्यामुळे शंभर वर्षांनी गाव हलवायची वेळ आली, तेव्हा कुणापुढे हात पसरून जागा मागावी लागली नाही. होडीने काही मिनिटांत बेट गाठता येते, म्हणजे मासेमारीही सुटलेली नाही.

घरे मात्र सरकारी साच्यातली निघाली. बेटावर बोरूच्या भिंतींची, झावळ्यांनी शाकारलेली, वारा खेळणारी घरे होती. इथे एकसारख्या पक्क्या घरांच्या रांगा आहेत. स्थलांतराची तारीख वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली. रुग्णालयाचे काम अर्धवट राहिले. घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा दवाखाना बेटावरच होता. काही कुटुंबांनी तर बेट सोडलेच नाही, आणि त्यांना हलवण्याचा हट्टही कुणी धरला नाही.

निर्णय हातातून निसटला की काय होते, ते अमेरिकेत दिसते. तिथे लुइझियानाच्या दलदलीत आइल द जाँ शार्ल नावाचे बेट आहे. 1955 पासून त्याची 98 टक्के जमीन पाण्यात गेली. चक्रीवादळे आणि चढता समुद्र ही कारणे आहेतच. शिवाय तेलकंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले आणि मिसिसिपीला बांध घातल्याने गाळ येणे थांबले. या बेटावरच्या चॉक्टॉ आदिवासींच्या प्रमुखांनी 2002 पासून स्थलांतराची योजना आखली होती, विखुरलेल्या सगळ्या भाऊबंदांना एकत्र आणणारी. 2016 मध्ये केंद्र सरकारने 4.83 कोटी डॉलर मंजूर केले. हा पैसा राज्य सरकारच्या हाती गेला आणि योजनेचा मालकच बदलला. सुमारे 64 किलोमीटर आत, उसाच्या शेतांजवळ वसाहत उभी राहिली. ऑगस्ट 2022 मध्ये पहिली कुटुंबे तिथे आली. पुढच्याच वर्षी, आपल्याला डावलले गेले, अशी तक्रार जमातीने केंद्राकडे केली. पनामाच्या कितीतरी पट पैसा खर्चूनही ही वेळ आली, हे विसरू नये.

प्रत्येक वेळी गाव हलवावेच लागते असे नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या स्विनोमिश जमातीने 2010 मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा केला. त्यात पूररेषेइतकीच काळजी तिसऱ्या शिंपल्यांची आणि सामन माशांची होती, कारण त्यांच्या ताटात आणि विधींत हेच असते. 2022 मध्ये त्यांनी ओहोटीच्या रेषेवर दगडांची बुटकी भिंत रचली. भिंतीमागे वाळू साचून किनारा सपाट होत जातो आणि तिसऱ्यांना वाढायला अधिक जागा मिळते. या किनाऱ्यावरचे आदिवासी हजारो वर्षांपूर्वीपासून अशा भिंती रचत आले होते. ती पद्धत पुन्हा सुरू करायला जमातीला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागली, तर ती सरकारी विभागांचीच.