अक्षरी रकमेचे मोल

आर्थिक व्यवहारात आकड्याइतका सुटसुटीत आणि आकड्याइतका दुबळा पुरावा दुसरा नाही. ‘५००’च्या शेवटी आणखी एक शून्य लिहावयास क्षणही लागत नाही. म्हणूनच रक्कम अक्षरांतही लिहिण्याची रीत रूढ झाली.

चीनमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होता. तेथे एक, दोन व तीन हे अंक तितक्याच आडव्या रेघांनी लिहितात. एका रेघेने रक्कम बदलते. त्यामुळे हिशेबी कागदांसाठी अंकांची निराळी, गुंतागुंतीची चिन्हे योजण्यात आली. धनादेशावर रक्कम आजही त्याच चिन्हांत लिहावी लागते. ही अडचण आपल्यालाही परकी नव्हती. १९५७ साली दशमान नाणी येण्यापूर्वी आपल्या चोपड्यांत पावासाठी एक उभी रेघ, निम्म्यासाठी दोन आणि पाऊणसाठी तीन रेघा मारीत. एका रेघेने चार आणे वाढत. हुंडी लिहिणाऱ्या सराफांनी यावर नामी तोड काढली होती. रक्कम आकड्यात व अक्षरात लिहून ते तिचे निमेही नमूद करीत आणि त्याची दुप्पट पुरी द्यावी, असे बजावीत. लबाडी करणाऱ्याला एका नव्हे, तीन ठिकाणी हात घालावा लागे.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १८ व्या कलमाने हाच विवेक कायद्यात आणला. आकडा व अक्षर यांत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य, असे ते कलम सांगते. (व्यवहारात बँका असा धनादेश बहुधा परतच करतात.) शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाला धनादेश हिंदी, इंग्रजी वा प्रादेशिक भाषेत लिहिता येतो. तेव्हा मराठीत रक्कम लिहिण्यास संकोच करण्याचे कारण नाही. मात्र अक्षरेही जपूनच लिहावयास हवीत. नुसते ‘हजार’ लिहिले तर त्याआधी ‘पाच’ बसू शकतो. ‘पाच’पुढे जागा सोडली तर ‘शे’ बसतो. घाईच्या अक्षरात ‘सतरा’ व ‘सत्तर’ यांची गल्लत होते. यास्तव डाव्या कडेपासून आरंभ करावा, ‘एक हजार’ असे पूर्ण लिहावे, शेवटी ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढावी.

धनादेश लिहिणारा निदान बँकेत जाऊन दाद मागू शकतो. कांदिवलीत चारकोपपासून ठाकूर व्हिलेजपर्यंत पसरलेल्या गृहनिर्माण संस्थांत रोख मोबदला घेणाऱ्या रखवालदाराचे वा सफाई कामगाराचे तसे नाही. त्याच्यापुढे येणाऱ्या व्हाउचरवर केवळ आकडा असेल आणि सहीनंतर तो वाढविला गेला, तर कागदोपत्री जादा रक्कम त्यानेच घेतलेली ठरते. स्वतःच्या सहीविरुद्ध तो कोणता पुरावा देणार? ज्याला अक्षरी रकमेची सर्वाधिक गरज, त्याच्याच कागदावर ती बहुधा गाळली जाते, ही विसंगती खटकणारी आहे.

उपाय अवघड नाही. घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत रक्कम अक्षरांत लिहावी, ती त्याला वाचून दाखवावी आणि मगच सही अथवा अंगठा घ्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, की खर्च येत नाही. संस्थेच्या पुढील सभेतील एक ठराव पुरेसा आहे.