फोक्सवॅगन पोलो, भुशाची राख आणि ऐकीव सल्ले

गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याकडे ‘स्पोर्ट्स कार’ म्हटलं की लगेच फेरारी डोळ्यांपुढे आणू नये. तशी गाडी कोटीच्या घरातलीच असते, हा पहिला गैरसमज. पुण्याजवळच्या चाकणला २००९ ते २०२२ या काळात फोक्सवॅगनची पोलो बनत होती. तिचं २०१३ मध्ये आलेलं जीटी टीएसआय मॉडेल १.२ लिटरच्या टर्बो इंजिनातून १०५ अश्वशक्ती काढायचं. रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली ती थेट १४५ अश्वशक्ती घेऊन. अशा गाड्या आता सेकंडहँड बाजारात मिळतात आणि गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या पोरांच्या आवाक्यात येतात. दोन मालक भेटले की आधी बॉनेट उघडतं, मग चहा येतो आणि मग सुरू होतात सल्ले. त्यातले बरेचसे जुन्या कार्ब्युरेटरच्या काळातले, नाहीतर बर्फाळ देशांतले व्हिडिओ पाहून उचललेले. कामठ्याच्या हवेत गाडीचं काय होतं, हे मात्र त्यांत फारसं नसतं.

‘रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली की गाडी चकाचक राहते.’ हा सल्ला धानपट्ट्यात सगळ्यात महागात पडतो. उसना म्हणजे उकडा तांदूळ काढणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरमध्ये धानाचा भुसा जळतो. त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. वाळूत असतं तेच हे द्रव्य. हंगामात ही करडी राख बॉनेटवर बसते, दिसते पावडरीसारखी मऊ. तिच्यावरून फडकं फिरवलं की आपण आपल्याच हाताने रंगाला पॉलिश पेपर लावतो. काळ्या किंवा लाल गाडीचं बॉनेट उन्हात तिरकं पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसतील. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम ४०–५० मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक पॉलिशिंगमध्ये त्यातला थोडा जातो. त्यामुळे ‘रेषा पडल्या तर बफिंग करून घेऊ’ हेही फार वेळा चालत नाही. आधी हात न लावता भरपूर पाणी मारायचं, मग गाडीच्या शाम्पूने धुवायचं. फडकं खळबळायला वेगळी बादली घ्यायची, आणि हे सगळं सावलीत करायचं. भांड्यांचा साबण वापरला तर मेण निघून जातं.

‘सिरॅमिक कोटिंग केलंय, आता ओरखडा पडणार नाही,’ असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे कोटिंग मायक्रॉन-दोन मायक्रॉनचं. पाणी आणि चिखल त्यावर टिकत नाही, धुणं सोपं होतं, एवढाच त्याचा उपयोग. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या गिट्टीपुढे त्याची काहीच मात्रा चालत नाही. त्यासाठी दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक फिल्म लागते. गंमत अशी की बहुतेक कोटिंगमधला मुख्य घटकही सिलिकाच, म्हणजे गिरणीच्या चिमणीतून जे फुकट अंगावर पडतं, तेच बाटलीतून हजारो रुपयांना.

इंजिन सकाळी दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम करायची सवय कार्ब्युरेटरबरोबरच जायला हवी होती. आताच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुरे. मग पहिले चार-पाच किलोमीटर हळू चालवावी, कारण तापमानाचा काटा जागेवर आला तरी तो पाण्याचा असतो. ऑइल गरम व्हायला त्याहून वेळ लागतो. टर्बो गाडी थांबवल्यावर दोन मिनिटं चालू ठेवण्याचा नियमही दामटून आलेल्या गाडीपुरताच. शेवटचा किलोमीटर सावकाश आणली की तेवढं पुरतं.

पेट्रोलबद्दल मात्र भांडणं होतात. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की गाडी उडते, असं मानणारे खूप. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेटू नये, याची क्षमता. काही टर्बो इंजिनांना त्याचा फायदा होतो, साध्या इंजिनाला ते पैसे वाया. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचावं, दोस्ताचं ऐकू नये. उलट्या बाजूला ‘ई-२० ने, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने, मायलेज निम्मं झालं’ म्हणणारेही आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे घट होते हे खरं. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी ही घट ६–७ टक्के धरली आहे. खरी काळजी दुसरीच: इथेनॉल ओलावा ओढतं. शौकाची गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवली असेल, तर टाकीत तेच जुनं पेट्रोल पडून राहू देऊ नये. आणि महाग पेट्रोल म्हणजे आपोआप बिनइथेनॉलचं, असंही नाही. केंद्राने अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळही इथेनॉलसाठी दिला आहे. तांदळाच्या जिल्ह्यात इथेनॉलला परकं समजायचं कारण नाही.

आता टायर. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर फुटेल’ हा सल्ला जीव घेणारा आहे. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, बाजूची भिंत सतत वाकते आणि त्यानेच तो तापतो. ताशी १२० च्या वेगाने समृद्धी महामार्गावर नागपूरहून मुंबईकडे निघालेल्या गाडीला हे झेपत नाही. दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब सकाळी, टायर थंड असताना तपासायचा. तापमान दहा अंशांनी वाढलं तर दाब एक-दीड पीएसआयने वाढणार, ते गृहीत धरूनच तो आकडा दिलेला असतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी टळत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताना नक्षी पाहून भुलू नये. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३४१७ म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचं रबर न झिजताही म्हातारं होतं.

उंदरांवर तंबाखूची पानं हा उपाय सर्रास चालतो. वास काही दिवसांत उडतो, उंदीर राहतो. त्याचे दात सतत वाढतात, म्हणून तो कुरतडणारच. वायरिंग हाती लागलं तर वायरिंग. रॉकेल तर बिलकूल मारू नये, रबर फुगतं आणि आगीची भीती वेगळी. तणसाचा ढीग किंवा धानाच्या पोत्यांपासून गाडी लांब उभी करावी, दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघावं, जमलं तर खालून जाळी बसवावी.

राहिला बिरसी विमानतळाकडचा कामठा–परसवाडा रस्ता. रस्ता मोकळा असला की शर्यत चालते, असं काहींना वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ ला रस्ता मोकळा की भरलेला, याच्याशी देणंघेणं नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय हंगामात डांबरावर धान वाळत घातलेलं असलं, तर त्या दाण्यांवर रुंद टायरचीही पकड राहत नाही.