सेलिगमनची पेठ आणि लाखनीचा उड्डाणपूल

सेलिगमन (अ‍ॅरिझोना, अमेरिका) : २२ सप्टेंबर १९७८ रोजी या गावाच्या बाहेरून गेलेला ‘इंटरस्टेट ४०’ हा नवा महामार्ग वाहतुकीला खुला झाला. तोवर शिकागो आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या मोटारी सेलिगमनच्या पेठेतूनच जात. रस्ता ओलांडायचा तर गाड्यांच्या रांगेत फट सापडेपर्यंत थांबावं लागे. नवा रस्ता सुरू झाला आणि पेठ ओस पडली. पेट्रोल पंप, खाणावळी, मोटेलं यांना गिऱ्हाईक उरलं नाही. पुढे १९८५ मध्ये सांता फे रेल्वेनेही इथलं आपलं काम आवरतं घेतलं. वस्ती आधीच लहान. एवढ्याशा गावाच्या पोटावर सात वर्षांत दोनदा पाय पडला.

भंडाऱ्याच्या वाचकाला ही गोष्ट परक्या मुलखातली वाटणार नाही. नागपूरहून रायपूरकडे जाणारा माणूस मौदा ओलांडून भंडाऱ्यात येई, कारध्याला वैनगंगेचा पूल पार करी आणि मग लाखनी, साकोली या गावांच्या बाजारातून वाट काढत पुढे देवरीला लागे. आता लाखनी आणि साकोलीवर उड्डाणपूल आहेत. वरून जाणाऱ्याला खालचा बाजार दिसत नाही आणि खालच्या चहावाल्याला वरच्या गाडीचा नुसता आवाज येतो. अपघात कमी व्हावेत, ट्रकांच्या रांगा गावात अडकू नयेत, यासाठी हे पूल हवेच होते. शाळेत जाणारं पोर ट्रकांमधून वाट काढत रस्ता ओलांडत असेल, तर त्या रस्त्याच्या जुन्या रंगतीचं कौतुक कुणी सांगू नये. तरीही पुलाखाली काहीतरी राहून जातं. ते नेमकं काय, हे समजून घ्यायला अमेरिकेसारखा दुसरा देश नाही. कारण इथे ही घडामोड सत्तर वर्षांपूर्वीच सुरू झाली.

अमेरिकेतल्या महामार्गांची कथा एका लष्करी ताफ्यापासून सांगतात. १९१९ मध्ये वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेला ताफा चिखलात रुतत, कच्चे पूल मोडत ६२ दिवसांनी पोचला. त्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी होता. तोच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि २९ जून १९५६ रोजी त्याने महामार्गांच्या कायद्यावर सही केली. सुमारे ६६ हजार किलोमीटरचं जाळं विणायचं ठरलं : कुठे चौक नाही, सिग्नल नाही, समोरून येणारी गाडी नाही. न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यू जर्सीत ‘इंटरस्टेट ८०’वर गाडी घातली, की सुमारे ४,६०० किलोमीटरवर थेट सॅन फ्रान्सिस्कोत उतरावं. या सबंध अंतरात एकाही गावाच्या पेठेतून जावं लागत नाही.

भारतातून मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना पहिला धक्का याच रस्त्यावर बसतो. रस्ता आहे, हजारो गाड्या आहेत, पण माणूस कुठेच नाही. कडेला कुणी चालत नाही, सायकल नाही, शेळी नाही, सीताफळांची टोपली घेऊन बसलेली बाई नाही. चहाला थांबू म्हटलं तर आधी निळी पाटी यावी लागते. पुढच्या फाट्यावर, म्हणजे इथल्या भाषेत ‘एक्झिट’वर, कुठलं पेट्रोल, कुठलं जेवण आणि कुठली मोटेलं मिळतील हे त्या पाटीवर लिहिलेलं असतं. फाट्यावर उतरावं तर तीच चार-पाच नावं, जी तीनशे किलोमीटर मागेही होती. पेट्रोल बहुतेक ठिकाणी आपलं आपणच भरायचं, पैसे यंत्राला द्यायचे. सरकारी विश्रांतिस्थळं स्वच्छ असतात, संडास फुकट असतात, झाडाखाली बाकं असतात. सोय सगळी आहे. पण दिवसभरात एकाही अनोळखी माणसाशी न बोलता हजार किलोमीटर पार करता येतात, आणि पुष्कळ लोक ते करतातही.

म्हणूनच या देशाला ‘रोड ट्रिप’ हा वेगळा शब्द जपावा लागला असावा. भंडाऱ्यात त्याची गरज कधी भासली नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री दंडार आणि नाटक रंगतं. त्या मंडईला पूर्वी रेंगीतून किंवा दमणीतून जाणं म्हणजे चार गावं ओलांडणं, दोन ठिकाणी पाणी पिणं, एका घरी आग्रहाने जेवणं. वाटेला तेव्हा वेगळं नाव नव्हतं. ती मंडईतच धरली जायची.

अमेरिकेतही सुरुवात अशीच, किंबहुना यापेक्षा अवघड होती. १९०३ मध्ये व्हरमाँटच्या होरेशियो नेल्सन जॅक्सन या डॉक्टराने ५० डॉलरची पैज घेतली, की सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला मोटारीने जाऊन दाखवतो. सोबतीला सूअल क्रॉकर हा मेकॅनिक, आणि वाटेत आयडाहोत घेतलेला बड नावाचा कुत्रा. धूळ डोळ्यांत जाते म्हणून बडलाही मोटारीचा चष्मा चढवला होता. पक्का रस्ता जवळपास नव्हताच. भाग तुटला की तो रेल्वेने मागवायचा आणि येईपर्यंत त्याच गावात मुक्काम ठोकायचा. ६३ दिवसांनी मंडळी न्यूयॉर्कला पोचली. सहा वर्षांनी, १९०९ मध्ये, बावीस वर्षांच्या अ‍ॅलिस रॅमसेने उलट दिशेने हाच देश ५९ दिवसांत ओलांडला. सोबतच्या तिघी बायकांपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. सगळी चाकं अ‍ॅलिसनेच फिरवली, आणि पंक्चर झाल्यावर बदललीही तिनेच.

या दोन्ही प्रवासांत रस्त्याने माणसांना थांबवलं. आज रस्ता थांबवत नाही. थांबायचं की नाही हे माणसाला ठरवावं लागतं. जॅक्सनचा प्रवास आणि आजचा इंटरस्टेट यांच्यातलं खरं अंतर हे आहे, वेग ही त्यानंतरची बाब.

सेलिगमन जगलं ते असं थांबणाऱ्यांच्या बळावर. गावातून जाणारा जुना रस्ता म्हणजे ‘रूट ६६’. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी जन्मलेला, शिकागोहून सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत आठ राज्यांतून गेलेला, सुमारे ३,९०० किलोमीटरचा. यातलं कॅन्सस राज्य तर अवघ्या एकवीस किलोमीटरांत संपतं. १९३०च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उखडलेली ओक्लाहोमाची शेतकरी कुटुंबं गाद्या-भांडी टपावर बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे मजुरीला गेली. जॉन स्टाइनबेकची १९३९ची कादंबरी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ त्यांचीच आहे. मौजेचा रस्ता म्हणून जगभर गाजलेल्या या वाटेवरून आधी पोटासाठी निघालेली माणसं गेली, हे इथे आल्यावर मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मोकळ्या रस्त्याचा आनंद सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. कृष्णवर्णीय कुटुंबाला वाटेत खोली मिळेल का, जेवण मिळेल का, अंधार पडल्यावर अमुक गावात थांबलं तर जिवाला धोका नाही ना, याची चिंता घेऊनच निघावं लागे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपालवाटप करणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून एक पुस्तिका काढली. ‘ग्रीन बुक’ या नावाने ती ओळखली गेली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात कोणतं हॉटेल, कोणतं घर, कोणता पेट्रोल पंप आसरा देईल याची ती यादी होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा आल्यावरच तिची गरज सरत गेली. गावात थांबणं ही प्रवासाची गोडी खरी, पण त्यासाठी गावानेही आधी दार उघडावं लागतं.

सेलिगमनने दार उघडं ठेवलं त्याचं श्रेय गावच्या न्हाव्याला जातं. एंजल डेल्गाडियो, जन्म १९२७. दुकानाच्या खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकांशी त्यांनी नऊ वर्षं एकच विषय काढला : जुना रस्ता वाचवला पाहिजे. १९८७ मध्ये आसपासच्या गावांतली मूठभर मंडळी जमवून त्यांनी संघटना उभी केली आणि सरकारदरबारी खेटे घातले. त्याच वर्षी अ‍ॅरिझोना राज्याने सेलिगमन ते किंगमन हा जुन्या रस्त्याचा तुकडा ऐतिहासिक म्हणून जाहीर केला. १९८५ मध्ये ‘रूट ६६’ हे नावच महामार्गांच्या अधिकृत यादीतून उडवलं गेलं होतं. दोन वर्षांत एका न्हाव्याच्या दुकानातून ते परत आलं. त्यांचा भाऊ हुआन याने १९५३ मध्ये बांधलेलं ‘स्नो कॅप’ हे खाण्याचं दुकान आजही गावाची खूण आहे. २००६ च्या ‘कार्स’ या चित्रपटातल्या ओसाड गावामागे सेलिगमनच्या कहाणीचीही प्रेरणा आहे.

सेलिगमनहून किंगमनला नव्या महामार्गाने साधारण ११५ किलोमीटर पडतात, जुन्याने १४०. पंचवीस किलोमीटर जास्त, वेळही जास्त. त्या पंचवीसात काय मिळतं? रस्ता जमिनीच्या चढउतारावर स्वार होऊन जातो, टेकडी कापून सरळ होत नाही. कडेला ‘बर्मा शेव्ह’ या दाढीच्या क्रीमच्या लाल पाट्या लागतात. १९२५ मध्ये निघालेली ही जाहिरातीची तऱ्हा अशी, की कवितेची एकेक ओळ थोड्या थोड्या अंतरावरच्या पाटीवर. शेवटची पाटी येईपर्यंत मागच्या सीटवरची मुलं खिडकीला नाक लावून बसत. आता तिथे उभ्या केलेल्या पाट्या स्मरणार्थ आहेत, पण मुलं तशीच बसतात. पुढे पीच स्प्रिंग्ज हे वालापाई आदिवासींचं मुख्य गाव येतं, मग हॅकबेरीचं जुनं किराणा दुकान. वाटेत फोनला रेंज नसते आणि वाट विचारायला माणूस शोधावा लागतो. माणूस सापडला की तो नुसती वाट सांगून थांबत नाही.

इथल्या मराठी कुटुंबांनी ही रीत चांगली आपलीशी केली आहे. मे अखेरची मेमोरियल डेची सुट्टी, चार जुलै, सप्टेंबरमधला लेबर डे, या लांब शनिवार-रविवारी गाड्या निघतात. डिकीत बर्फाचा डबा, त्यात दही आणि कोशिंबिरीचं सामान. वर दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. विजेचा राइस कुकर तर ठरलेला. मोटेलच्या खोलीत रात्री खिचडी शिजते आणि भंडाऱ्याकडचं कुणी असेल तर चिन्नोर तांदळाच्या वासाची आठवण निघतेच. मोटेलच्या काउंटरवरही बहुधा ओळखीचाच चेहरा, कारण हा धंदा मोठ्या प्रमाणावर गुजराती पटेलांच्या हाती आहे. भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांच्या संघटनेच्या म्हणण्यानुसार देशातली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत. वाळवंटातल्या मुक्कामात मालकीणबाईने आपल्या घरातला चहा आणून दिला, की आईवडिलांचा त्या देशाविषयीचा अर्धा दुरावा तिथेच विरतो.

रस्त्यांच्या आकड्यांचीही एक मजेची गोष्ट आहे. अमेरिकेत सम आकड्याचा महामार्ग पूर्व-पश्चिम जातो आणि विषम आकड्याचा उत्तर-दक्षिण. भारतात २०१० च्या नव्या क्रमांकानुसार बरोबर उलट : श्रीनगर-कन्याकुमारी ४४, आणि भंडाऱ्यावरून पूर्वेकडे जाणारा ५३. तरी जिल्ह्यातल्या जुन्या लोकांच्या तोंडी तो ‘सहा नंबर’च. सेलिगमनलाही ४० नंबरबद्दल कुणी प्रेमाने बोलत नाही.

महाराष्ट्रात ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, आणि तो पुढे भंडारा-गोंदियाकडे नेण्याची योजना आहे. तो यावा. नागपूरच्या इस्पितळात पेशंट वेळेत पोचणं ही लहान गोष्ट नाही. पण अमेरिकेचा अनुभव सांगतो, की जुना रस्ता आपोआप जिवंत राहत नाही. त्याच्यासाठी आधीच पाटी, डागडुजी आणि थांबण्याजोगं ठिकाण लागतं. भंडाऱ्याकडे तशी ठिकाणं भरपूर आहेत : आंधळगावचे कोशाचे माग, अड्याळवरून पवनीला जाणारी वाट आणि तिथले प्राचीन स्तूपांचे अवशेष, गोसीखुर्दचं पाणी, धानाच्या बांध्यांमधले मालगुजारी तलाव. साकोलीच्या पुलावरून यातलं काहीच दिसत नाही. फाट्यावर वळावं लागतं.

किंगमनच्या पुढे जुना रस्ता सिटग्रीव्ह्ज खिंड चढून ओटमन या सोन्याच्या खाणीच्या जुन्या गावात उतरतो. खाणी बंद पडल्यावर कामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांची पिल्लावळ तिथे अजून मोकाट फिरते. भर पेठेत रस्त्याच्या मध्ये ती उभी राहतात, गाडीच्या काचेत तोंड घालतात. पाठीमागे गाड्यांची रांग लागते. कुणी इंजिन बंद करून खाली उतरतं, शेजारच्या गाडीतल्या माणसाला विचारतं की कुठून आलात, आणि गाढवं बाजूला होईपर्यंत बोलणं चालू राहतं.