मशीन थांबवायचं कुणी?

६२०५ हे अगदी रोजच्या वापरातलं बॉल बेअरिंग. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, आणि दोन कड्यांच्या मध्ये ९ छर्रे. मिनिटाला १,४८० फेरे घेणाऱ्या मोटरमध्ये ते बसवलं आणि त्याच्या बाहेरच्या कड्याचा बारीकसा टवका उडाला, तर छर्रे त्यावरून जाताना सेकंदाला सुमारे ८८ ठोके देतात. टवका आतल्या कड्याला असेल तर ठोके सुमारे १३४. छर्रे किंचित घसरतात म्हणून थोडा फरक पडतो, बाकी हे सगळं भूमितीचं गणित आहे. बेअरिंगच्या हाउसिंगवर बसवलेला अंगठ्याएवढा व्हायब्रेशन सेन्सर हे ठोके टिपतो. त्याच्या आतल्या स्फटिकावर दाब आला की विद्युतभार तयार होतो. स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. मोटर अजून गरम झालेली नसते, हाताला काही जाणवत नसतं, आणि तरीही कोणत्या कड्याला इजा झाली आहे हे कळलेलं असतं. मला हे तंत्र फार मोलाचं वाटतं. पण त्या आकड्यावरून मशीन थांबवण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नसेल, तर तो सेन्सर बसवूनही कारखाना होता तिथेच राहतो.

ठरलेल्या तासांनी मशीन उघडून बघण्याची जुनी पद्धत सुरक्षित वाटते. पुरावा मात्र तिच्या विरुद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये सी. एच. वॉडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते. झालं उलटंच: तपासणीनंतर लगेच ते वाढत आणि मग हळूहळू ओसरत. चांगल्या चाललेल्या यंत्राला उगाच हात लागला की काहीतरी सैल राहतं, काहीतरी वाकडं बसतं. पुढे १९७८ मध्ये नोलन आणि हीप यांनी युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावरून मांडलं की विमानाच्या सुमारे ८९ टक्के भागांना ठराविक तासांनी बदलण्याचा फायदाच होत नाही. तेव्हा यंत्राची तब्येत बघून ते उघडावं, हा विचार मुळात सेन्सर विकणाऱ्यांचा नाही.

मग आकडा हाती असूनही अपघात का होतात? रशियातल्या येनिसेई नदीवरचं सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्र बघा. १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी तिथल्या २ नंबरच्या टर्बाइनच्या झाकणाचे बोल्ट तुटले, पाणी पॉवरहाउसमध्ये घुसलं आणि ७५ माणसं गेली. चौकशीत तपासलेल्या ४९ बोल्टांपैकी ४१ बोल्टांत धातूच्या थकव्याचे तडे निघाले. ८ बोल्टांत तर ९० टक्क्यांहून जास्त छेद आधीच चिरलेला होता. असे तडे एका रात्रीत पडत नाहीत. कंपनं सतत मोजणारी यंत्रणा त्याच वर्षी या टर्बाइनवर बसवलेली होती. पण ती रीतसर कामाला लावलेली नव्हती, आणि निर्णय घेताना कर्मचारी तिचा विचार करत नव्हते. यंत्रणेवर खर्च झाला होता, तिचा शब्द मात्र कुणावर बंधनकारक नव्हता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. अपघाताआधी एका बेअरिंगवरचं कंपन मर्यादेच्या कितीतरी वर गेल्याची नोंद होती. पण तो सेन्सरच बिघडलेला होता, असं काही अभियंत्यांनी नंतर मांडलं. खोट्या अलार्मसाठी मशीन बंद करायचं का? गाळप हंगामात मिल तासभर थांबली तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग कशी लागते, हे साखर कारखान्यातल्या माणसांना चांगलं ठाऊक आहे. पण तपासायला मशीन बंद करावंच लागतं असं नाही. हातातला मीटर घेऊन त्याच जागी कंपन मोजता येतं. आकडा खोटा निघाला तर सेन्सर बदलावा, खरा निघाला तर थांबावं. ‘हा सेन्सर असाच दाखवतो’ म्हणून तो तसाच सोडला, तर पुढचा खरा अलार्मही त्याच वाक्यात विरून जातो.

स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून रोग ओळखणारा जुना फिटर आहेच की, असंही म्हटलं जातं. त्याचा कान खरा आहे. पण पहाटे तीन वाजता तो दोनशे मोटरींजवळ असू शकत नाही, आणि गेल्या महिन्यात आवाज नेमका किती होता हे कानात साठून राहत नाही. सेन्सरने जागा दाखवावी आणि फिटरने तिथे जाऊन खात्री करावी, ही वाटणी मला पटते. मोठ्या टर्बाइनला धोक्याची मर्यादा ओलांडताच आपोआप बंद करणारी ट्रिप असते. लहानसहान पंप-मोटरींवर बहुधा नुसता अलार्म वाजतो आणि पुढचं माणसावर येतं. म्हणून अलार्मच्या यादीत प्रत्येक मर्यादेपुढे लिहिलेलं असावं: कोण बघायला जाईल, किती वेळात जाईल, आणि रात्रपाळीचा शिफ्ट इन्चार्ज वर कुणाला न विचारता ते मशीन बंद करू शकतो की नाही.