म्हातारचळ नव्हे, मेंदूतली बिघडलेली घडी

घरातले म्हातारे माणूस तेच तेच विचारू लागले, जेवण झाल्यावरही ‘मला कुणी जेवायला दिलं नाही’ म्हणू लागले, की वस्तीत दोन उत्तरे तयार असतात. कुणी म्हणते, ‘म्हातारचळ लागलाय.’ कुणी म्हणते, ‘बाहेरचं काहीतरी असेल, दाखवून आणा.’ पहिल्या उत्तराने तपासणी राहून जाते, दुसऱ्याने घरातला पैसा जातो. म्हणून अशा वेळी मेंदूत खरोखर काय घडत असते, ते या वेळी आपण समजून घेऊ.

विसरण्याच्या आजारांत सर्वांत जास्त आढळणारा आजार म्हणजे अल्झायमर. जर्मनीतले डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याची पहिली नोंद मांडली. त्यांची रुग्ण बाई ५५ व्या वर्षी वारली होती, म्हणजे फार म्हातारीही नव्हती. तिचा मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर गाठी साचल्या होत्या आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. बाहेरच्या गाठी अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या असतात. आतला गुंता असतो तो टाऊ या प्रथिनाचा.

टाऊ हे काही विष नाही. ते आपल्या सर्वांच्या मेंदूत असते. मेंदूच्या पेशींना लांब फांद्या असतात आणि त्यांत माल ने-आण करणाऱ्या बारीक नळ्या असतात. रुळांना स्लीपर जसे धरून ठेवतात, तसे टाऊ या नळ्यांना आधार देते. आजारात टाऊवर फॉस्फेटचे कण गरजेपेक्षा जास्त चिकटलेले दिसतात. असे टाऊ नळ्यांपासून सुटते आणि एकमेकांना चिकटून त्याचे धागे बनतात.

हे धागे आतून कसे असतात, हे शंभर वर्षे नीट दिसत नव्हते. २०१७ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज येथील एमआरसी प्रयोगशाळेत मिशेल गोडर्ट, स्योर्स शेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाहिले. अल्झायमर असलेल्या एका रुग्णाच्या मेंदूतून, मृत्यूनंतर, त्यांनी धागे वेगळे काढले. ते झटकन गोठवले, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांची असंख्य चित्रे घेतली आणि संगणकाने ती जुळवली.

त्यांना काय दिसले? टाऊ म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मेंदूतल्या सर्वांत लांब टाऊत असे ४४१ मणी असतात. त्यातले सुमारे ७३ मणी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी घट्ट घडी घालतात. बाकीची माळ झालरीसारखी मोकळी राहते. दोन ‘सी’ एकमेकांना चिकटून एक थर होतो. मग भाकरीची चवड रचावी तसा थरावर थर चढत जातो. हे थर इतके पातळ, की मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात दोन थर मावतात. तयार धाग्याच्या टोकाला नवे टाऊ आले, की तेही तशीच घडी घालते. म्हणून गुंता वाढतच जातो.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. पिक नावाच्या आजारातही टाऊचेच धागे असतात, पण त्यांची घडी वेगळी निघाली. डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंच्या मेंदूत तिसरीच घडी सापडली. प्रयोगशाळेत हेपॅरिन घालून बनवलेल्या टाऊच्या धाग्यांची घडी तर यांपैकी कुठल्याच आजाराशी जुळली नाही. प्रथिन एकच, पण घडीनुसार आजार वेगळा. त्यामुळे धाग्यांना नेमके ओळखणारी तपासणी आणि त्यांना अडवणारे औषध शोधायला आता आकार समोर आहे.

यातून घरातल्यांनी काय घ्यायचे?

हा कुणाच्या पापाचा भोग नाही आणि बाहेरची बाधाही नाही. हा पेशीतला बिघाड आहे. अंगारा किंवा गंडादोरा पेशीच्या आत पोहोचत नाही.

रुग्णासोबत जेवल्याने, त्याला आंघोळ घातल्याने हा आजार लागत नाही. त्याचे ताट वेगळे करू नका.

आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. काही गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा फायदा होतो. ‘खात्रीने बरा करतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

तरीही दवाखान्यात जाणे गरजेचेच आहे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, उदासीनतेचा आजार यांमुळेही माणूस विसरू लागतो आणि यांवर उपचार आहेत. सरकारी रुग्णालयात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या.

आजी दहाव्यांदा तोच प्रश्न विचारते, तेव्हा ती हट्ट करत नसते. आधीचे उत्तर तिच्या मेंदूत टिकलेलेच नसते. दहाव्यांदाही शांतपणे उत्तर द्या.