एका वर्षाचा प्रश्न

दहावीच्या निकालाचे पेढे वाटून होतात, गुणवंतांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकून जातात, सत्कारांचे हारतुरे सुकतात आणि मग त्या निकालाचा दुसरा भाग सुरू होतो. त्या भागाची छायाचित्रे निघत नाहीत. 2025 च्या मे महिन्यात माध्यमिक शालान्त परीक्षेचा जो निकाल लागला, त्यात राज्याचे प्रमाण 94.10 टक्के व नाशिक विभागाचे 93.04 टक्के होते. नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार या चार जिल्ह्यांतील शंभरांपैकी त्र्याण्णव मुले उत्तीर्ण व्हावीत ही समाधानाची गोष्ट खरीच. परंतु राज्यातील सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थ्यांपैकी नव्वद हजारांहून अधिक मुले त्या दिवशी मागे राहिली, हेही त्याच आकड्याचे दुसरे अंग आहे. त्यांपैकी एका मुलाचा प्रश्न आमच्या दाराशी आला. तो त्याच्या एकट्याचा नाही असे वाटल्यावरून आज आम्ही तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा मुलगा सिडकोत राहतो. वडील अंबडच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातात. आजोबा मूळचे निफाड तालुक्यातले, आमचे जुने वाचक; त्यांनीच नातवाला आमच्याकडे आणले. मुलगा गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला होता. जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटले, गणित राहिले. नियमाप्रमाणे एक वा दोन विषय राहिलेल्या विद्यार्थ्यास अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो; ज्याला सारे ‘एटीकेटी’ म्हणतात ती ही सवलत. राहिलेला विषय सुटेपर्यंत बारावीचे दार मात्र उघडत नाही. वडिलांचे म्हणणे सरळ होते : सवलत आहे तर घ्यावी, अकरावीत बसावे, गणित मागाहून काढावे, वर्ष वाया जाऊ नये. मुलाचे म्हणणे वेगळे होते. “मला हे वर्ष पुन्हा करायचंय,” असे तो म्हणत होता, आणि घरात कोणी ते ऐकून घेत नव्हते.

आम्ही त्याला कारण विचारले. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा अशा वेळी बहुधा गप्प बसतो किंवा तोंडपाठ उत्तर देतो. याने खिशातून कागद काढला आणि त्यावर दोन अपूर्णांकांची बेरीज मांडली. “ही मला येत नाही,” तो म्हणाला. “दहावीच्या बीजगणितात पहिलाच धडा दोन चलांतल्या समीकरणांचा. सरांनी छेद काढून टाका म्हटलं की मी तिथंच थांबायचो.” अपूर्णांकांवरील क्रिया सहावीत शिकवतात. हा मुलगा सहावीत होता ते वर्ष 2020-21 चे. त्या वर्षाचा बराचसा भाग शाळा बंद होती, शिकवणे मोबाईलवर होते, आणि घरातला एकच मोबाईल वडिलांबरोबर पाळीवर जात असे. त्या वर्षी पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेवाचून पुढच्या वर्गात घालण्यात आले. तो निर्णय त्या काळी दुसरा कोणता घेता आला असता असे आम्हांस वाटत नाही. परंतु वर्ग पुढे गेला, अपूर्णांक मागे राहिला, आणि चार वर्षे कोणी मागे वळून पाहिले नाही. अनुत्तीर्ण मुलाला आपण कोठे अडलो हे इतके नेमके ठाऊक असावे, ही आमच्या दृष्टीने त्या दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट होती.

आजोबा मध्येच हसले. ते स्वतः 1970 च्या सुमारास अकरावीच्या मॅट्रिकला बसले आणि दोनदा गटांगळी खाऊन तिसऱ्यांदा पार पडले. ‘मॅट्रिकच्या वाऱ्या’ हा शब्दप्रयोग ज्या पिढीत रूढ होता, तिचे ते प्रतिनिधी. 1949 मध्ये विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा आली आणि 1975 मध्ये अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा होऊ लागली, तरी घराघरांत जुने नाव टिकून राहिले. आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र आम्हांस विचार करावयास लावणारी वाटली. नापास झाल्यावर ते त्याच शाळेत, त्याच वर्गात, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी पुन्हा बसले होते. “लाज वाटायची, पण मास्तर समोर असायचे,” असे ते म्हणाले.

आज नेमके हेच हरपले आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला परीक्षा पुन्हा देता येते, आणि पूर्वीपेक्षा लवकर देता येते. ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागू नये म्हणून 2015 पासून पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास होऊ लागली, हे मंडळाने चांगलेच केले. गुणपत्रिकेवरून ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द हटविण्याचाही विचार मध्यंतरी झाला. उत्तीर्ण झालेल्यास गुण वाढवावयाचे असतील तर श्रेणीसुधारासाठीही लागोपाठच्या मर्यादित संधी आहेत. इतकी कनवाळू व्यवस्था असूनही पुनर्परीक्षार्थी बसावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर व्यवहारात सापडत नाही. शाळेचा दाखला हातात पडलेला असतो; शाळेला त्याचा अर्ज भरून देण्यापलीकडे कर्तव्य उरलेले नसते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर खासगी वर्गांच्या पाट्या दाटीवाटीने लागल्या आहेत खऱ्या, पण त्या वर्गांचे शुल्क अंबडच्या पाळीत मिळणाऱ्या पगारातून निघत नाही. शिवाय तेथे सहावीचे अपूर्णांक शिकविण्यास कोणी बसलेले नाही. म्हणजे परीक्षा पुन्हा, अध्यापन पुन्हा नाही. जूनमध्ये ज्याला जे येत नव्हते ते त्याला जुलैत कसे यावे?

वर्ष पुन्हा करण्यानेच काही साधत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. शिकागोच्या शाळांचा अभ्यास करून ब्रायन जेकब व लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये असे दाखविले की, सहावीत मागे ठेवलेल्या मुलांच्या शाळा सोडण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. आठवीत मागे ठेवलेल्यांत मात्र शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. मूल जितके मोठे, तितका मागे राहण्याचा घाव खोल. फ्रान्सने 2014 मध्ये वर्ष पुन्हा करावयास लावणे हा अपवाद ठरविला तो याच अनुभवावरून. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे ठरविले, 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत फेरपरीक्षेनंतर मागे ठेवण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये ती स्वीकारली. या उलटसुलट प्रवासात वाद सतत एकाच प्रश्नाभोवती फिरला : मुलाला पुढे ढकलावे की मागे ओढावे? दोन्हींत मूल म्हणजे एक वस्तू. ते स्वतः काय म्हणते हे विचारण्याची सोय कोणत्याच कलमात नाही.

नववीत तर याची कहाणी अधिक कडवट आहे. दहावीचा निकाल उजळ दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडविण्याची प्रथा काही शाळांत आहे, हे शिक्षकवर्गात कोणी नाकारीत नाही. तेथे पुन्हा केलेले वर्ष मुलासाठी नसते, ते शाळेच्या फलकासाठी असते.

परंतु स्वतः निवडलेले वर्ष ही निराळी गोष्ट आहे. आयर्लंडमध्ये कनिष्ठ परीक्षा झाल्यावर वरच्या वर्गांत जाण्यापूर्वी एक ऐच्छिक ‘संक्रमण वर्ष’ घेण्याची सोय 1974 पासून आहे. डेन्मार्कमध्ये नववी संपल्यावर हवी असेल तर दहावी करता येते, आणि अनेक मुले ती घरापासून दूर निवासी शाळेत राहून करतात. तेथे या मुलांना कोणी नापास म्हणत नाही. आपल्याकडेही उदाहरणे नाहीत असे नाही. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासाऐवजी आखाड्याला वाहिले आणि पुढे पहिल्या वर्गात बी.ए. झाले, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी आवडीने सांगितली आहे. पण थोरांच्या उदाहरणांचा आधार जपून घ्यावा. रामानुजन एफ.ए.च्या परीक्षेत एकदा नापास झाले आणि पुन्हा बसले तेव्हा पुन्हा नापास झाले. गणिताखेरीज इतर विषयांत त्यांचे मन नव्हते, आणि पुन्हा बसल्याने ते तेथे जाणार नव्हते. वर्ष पुन्हा करावयाचे तर काहीतरी वेगळे करण्यासाठी करावे, हे त्यांच्या दुसऱ्या अपयशावरून दिसते.

म्हणून आम्ही त्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारला : या वर्षात तू काय वेगळे करणार? त्याने सांगितले की सहावी, सातवी व आठवीची गणिताची पुस्तके त्याने शेजाऱ्यांकडून गोळा केली आहेत. सकाळी वडिलांच्या ओळखीने एका दुकानात काम करावयाचे, दुपारनंतर सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसावयाचे. 1840 पासून चालत आलेल्या त्या संस्थेच्या टेबलाशी नाशिकच्या किती पिढ्यांनी मान मोडून अभ्यास केला असेल कोण जाणे. “पण अडलं तर विचारायला कोणी पाहिजे,” एवढे बोलून तो थांबला. देवळालीच्या शाळेत 1930 पासून 1962 पर्यंत शिकविणाऱ्या द. रा. कापरेकरांसारखा गणिताचा शिक्षक प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही हे आम्ही जाणतो. परंतु त्याला कापरेकर नको होते. छेद समान कसे करावयाचे हे न रागावता सांगणारा कोणीही त्याला पुरला असता.

वडिलांची बाजूही हलकी लेखून चालणार नाही. ज्याने आयुष्यभर पाळीच्या भोंग्यावर उठबस केली, त्याला एक वर्ष म्हणजे काय ते आमच्यापेक्षा चांगले कळते. बरोबरीची मुले पुढे जातील, नोकरीच्या वयोमर्यादेतून एक वर्ष कमी होईल, नातेवाईक विचारतील. आणि मुलगा वर्षभर घरी राहून बिघडला तर जबाबदार कोण? सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्याला घालावे असेही त्यांच्या मनात होते. काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थीही चालतो. तो मार्ग कमी प्रतीचा आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण तेथेही मोजमापे आहेत, आणि मोजमापांत अपूर्णांक आहेत.

शेवटी बाजी फिरविली ती आजोबांनी. त्यांचा निफाडला थोडा द्राक्षमळा होता. ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, “एप्रिलच्या छाटणीला फळ येतं का? तरी आपण ती कधी सोडली का? त्या छाटणीची काडी असते म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीला घड लागतात.” सिंहस्थासाठी बारा बारा वर्षे थांबणाऱ्या या गावाने एका मुलासाठी एक वर्ष थांबावयास हरकत नसावी, असे आमच्याही मनात येऊन गेले, ते आम्ही बोललो नाही.

मुलाने एटीकेटीचा प्रवेश घेऊ नये आणि वर्ष पुन्हा करावे, असे आम्ही सांगितले. परंतु तोच सल्ला आम्ही सर्वांना देणार नाही. हीच गोष्ट पेठ किंवा सुरगाण्याच्या एखाद्या मुलीची असती, तर आम्ही नेमके उलट सांगितले असते. त्या मुलीने कसाही करून अकरावीचा प्रवेश घ्यावा, तात्पुरता असला तरी घ्यावा, आणि हजेरीपटावर नाव राखावे. कारण तिचे एक वर्ष घरी गेले की दुसऱ्या वर्षी पाहुणे येतात आणि तिसरे वर्ष तिच्या हाती राहत नाही. मुलाने मागितलेले वर्ष त्याला मिळते. मुलीने मागितलेले वर्ष बहुधा तिच्याकडून काढून घेतले जाते. ‘वर्ष वाया गेले’ हे शब्द दोघांच्याही घरी उच्चारले जातात, पण त्यांचा अर्थ एक नाही.

प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्याच अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांना राहिलेल्या विषयाच्या तासाला वर्गात बसू द्यावे, असे आम्ही शिक्षण खात्यास व विभागीय मंडळास सुचवू इच्छितो. त्यासाठी नवी तुकडी नको, अनुदान नको, नवे पद नको. एक बाक पुरेल. गणिताचा तास ज्या वेळेस आहे त्या वेळेस तो मुलगा येईल, तास संपला की जाईल. नियमात बसत नसेल तर नियम करावा. विमा, जबाबदारी, गणवेश असे प्रश्न उपस्थित होतील याची आम्हांस कल्पना आहे; पण ते सुटू नयेत असे नाहीत. जेथे त्याचे घोडे अडले त्या जुन्या इयत्तेचे पुस्तक त्याच्या हाती कोणी द्यावे, एवढे मात्र त्या शाळेतल्या शिक्षकांनीच ठरवावयाचे आहे.

या मुलाच्या बाबतीत घडले ते असे. त्याच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आजोबा दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेस त्यांना परिपत्रक दाखविण्यात आले. दुसऱ्या खेपेस गणिताच्या बाईंनीच मध्ये पडून सांगितले की शाळा सुटल्यावर अर्धा तास तो त्यांच्याकडे येऊ दे, त्यांना कोठे जायची घाई नसते. ऑगस्ट संपेपर्यंत त्यांनी सहावीचे पुस्तक संपविले होते. पुढील फेब्रुवारीच्या परीक्षेचा अर्ज भरतेवेळी शुल्क वडिलांनी दिले आणि पावती जपून ठेव म्हणून बजावले.