मांजरेच्या खोऱ्याचे वजन

देगलूरसारख्या तालुक्यात पाऊस किती मिलिमीटर पडला, पिकांची पैसेवारी किती लागली, धरणात किती साठा आला, या सर्व गोष्टींची सरकारदप्तरी नोंद होते. परंतु ज्या पाण्याच्या भरवशावर रबी उभी राहते आणि वैशाखात माणसे व जनावरे तगतात, त्या कातळाच्या भेगांतील पाण्याचा जमाखर्च मात्र कोणीही बोअरमालक लिहून ठेवीत नाही. पाणी कोठे लागेल हे सांगण्यास तळहातावर नारळ धरून शिवार हिंडणारा पानाड्या आहे. किती उरले, हे सांगण्याचे धाडस तोही करीत नाही. या अदृश्य ठेवीचा अंदाज घेण्याचा एक विलक्षण मार्ग गेल्या पाव शतकात उपलब्ध झाला आहे, आणि तो जमिनीवरून नव्हे, आकाशातून जातो.

पृथ्वीच्या आकर्षणाच्या अभ्यासाशी या मुलखाचा संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. दक्षिण टोकापासून रेखावृत्त मोजीत उत्तरेस निघालेल्या विल्यम लॅम्बटनने १८१५ साली बीदरजवळच्या दामरगिड्डा येथे पायारेषा मोजली. तेथून ती मोजणी देगलूरच्या आसपासच्या रेखांशावरूनच वर सरकत गेली, आणि लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये नागपूरची वाट चालत असता हिंगणघाटास निवर्तला. एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले, तेव्हा साखळी लावून काढलेले अंतर आणि ताऱ्यांवरून काढलेले अंतर यांत सव्वापाच विकलांची तफावत निघाली. एवढा प्रचंड पर्वत ओळंबा आपल्याकडे खेचीत असला पाहिजे, अशी शंका आली. १८५५ मध्ये कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी गणित मांडले, तो तफावत याच्या तिप्पट यावयास हवी होती असे दिसले! पर्वताखालचा भूभाग तुलनेने हलका असावा, ही भूविज्ञानातील थोर कल्पना या फसलेल्या हिशेबातूनच पुढे आली. जेथे वस्तुमान अधिक तेथे ओढ अधिक, हे त्यामागचे साधे सूत्र. ते पर्वताला लागू पडते तसे पाण्यालाही.

१७ मार्च २००२ रोजी अमेरिका आणि जर्मनी यांनी मिळून ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी रशियातील प्लेसेत्स्क येथून सोडली. हे दोन उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून, परस्परांत सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून, ध्रुवांवरून एकामागोमाग फिरत असत. पुढच्या उपग्रहाच्या वाटेत अधिक वस्तुमानाचा प्रदेश आला की तो किंचित पुढे ओढला जाई व अंतर वाढे. मागचा त्या प्रदेशाजवळ आला की ते पुन्हा घटे. हा बदल सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत, मोजला जाई. खाली कॅमेरा रोखलेला नव्हता; उपग्रहाची स्वतःची चाल हेच मापन होते. महिनाभराच्या अशा फेऱ्यांवरून पृथ्वीच्या आकर्षणाचा एक नकाशा तयार होतो, आणि डोंगर व कातळ एका महिन्यात जागचे हलत नसल्यामुळे, वातावरण आणि समुद्र यांचा वाटा वजा घातल्यावर, जमिनीवर जो फरक उरतो तो बहुतांशी पाण्याचा असतो. मुद्दल किती आहे हे या मापनाने कळत नाही. गेल्या महिन्याहून किती वाढले वा घटले, एवढेच कळते.

पाण्याच्या या फरकातून तलाव, नद्या आणि मातीतली ओल यांचे अंदाज वजा केले की भूजल उरते. अशाच रीतीने रॉडेल, वेलिकोन्या आणि फॅमिलिएट्टी यांनी २००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखविले, की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या टापूतून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले. आणि हे पर्जन्यमान सर्वसाधारण असताना.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे. तिकडे शेकडो हात खोल गाळ; इकडे काळा पाषाण, आणि देगलूर-बिलोलीकडे तर तोही संपून ग्रॅनाइटचा जुना खडक वर येतो. अशा खडकाच्या भेगांत आकारमानाच्या शेकडा एक-दोन हिश्शांइतकेच पाणी मावते. त्यामुळे विहीर मीटरभर खाली गेली तरी त्या प्रदेशातून गेलेला पाण्याचा थर जेमतेम दोन सेंटीमीटरांचा असतो. हे भांडे चांगल्या पावसाळ्यात भरते आणि शिमग्यापर्यंत रिते होते. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातुरास पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांची गाडी खेपेस पंचवीस लाख लिटर आणू लागली. एक चौरस किलोमीटरवरचा एक सेंटीमीटरचा थर म्हणजे अशा चार गाड्या, आणि मराठवाड्याच्या सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटरांवर तोच थर ६४ कोटी टन भरतो. ज्या बारीकीने उपग्रह तोलतात, तिचे मोल या आकड्यांवरून ध्यानी यावे.

तथापि ही दृष्टी फार विस्तीर्ण प्रदेश एकदम पाहते. तीनशे-चारशे किलोमीटरांहून लहान टापू तिला सुटा दिसत नाही, म्हणजे अवघा मराठवाडाही तिच्या एका घासाला पुरा पडत नाही. देगलूर तालुक्याची विहीरवार चौकशी तिला विचारणे व्यर्थ. तिचा खरा उपयोग गोदावरीच्या सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर खोऱ्याएवढ्या हिशेबात आहे. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर, बीदर आणि तेलंगण असा प्रवास करीत गोदावरीस मिळते. बचावत लवादाने १९८० मध्ये गोदावरीचे पाणी राज्याराज्यांत वाटले, तेव्हा भूगर्भातील पाण्याचा वापर नदीच्या पाण्याचा वापर समजू नये, असे निवाड्यातच नमूद केले. कायद्याच्या दृष्टीने ते सोयीचे असेल; उपग्रहाला मात्र धरण, माती आणि कातळ यांत भेद करता येत नाही, त्याच्या तराजूत सारे पाणी एकच.

तो भेद करण्यास अखेर दोरी आणि टेप लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते, आणि आकाशातून आलेला ढोबळ आकडा तालुक्यापर्यंत उतरवायचा तर याच नोंदींचा आधार घ्यावा लागतो. ग्रेसचे काम २०१७ मध्ये थांबले. तिची उत्तराधिकारी जोडी २२ मे २०१८ रोजी कॅलिफोर्नियातून निघाली. मधल्या महिन्यांत वरून वजन करणारे कोणी नव्हते. विहिरींच्या नोंदी मात्र त्याही वर्षी ठरल्या महिन्यांत होत राहिल्या.